उन्हाळी रानफुले शोधण्याची सुलभ पद्धत (खुलताबाद विभाग)

ही मार्गदर्शिका अगदी नवशिक्यांसाठी आहे. पळस आणि पांगारा यांतला फरक ज्यांना सांगता येत नाही, पण घरच्यांना मात्र तो येतो असे वाटते, अशा सभ्य स्त्री-पुरुषांसाठी. वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी पुढे वाचू नये. त्यांना चुका सापडतील आणि दोघांचाही दिवस खराब होईल.

आधी हंगामाचे बोलू. समंजस माणसे रानफुले पाहायला श्रावण-भाद्रपदात जातात. साताऱ्याच्या कास पठारावर आगाऊ नोंदणी करून, ठरवून दिलेल्या वाटेने, समोरच्याच्या छत्रीवरून डोकावत फुले पाहतात. त्यांना पाहू द्या. पावसाळ्यात फूल दिसण्यात आपले कर्तृत्व काय? नजर जाईल तिथे फूल असते. आपण चैत्र-वैशाखात जायचे आणि खुलताबादला जायचे. छत्रपती संभाजीनगरहून दौलताबादचा घाट चढून पंचवीसेक किलोमीटरवर गाव. खाली वेरूळची लेणी, बाजूला शूलिभंजनचा डोंगर, पुढे बारा किलोमीटरवर म्हैसमाळ. मे महिन्यात या साऱ्या मुलखाचा रंग एकच असतो, वाळलेल्या कुसळीचा. त्यात फूल हुडकायचे आहे. घरी कारण विचारले तर "उन्हाळ्यात गर्दी नसते" असे सांगावे. चाळीस अंशांच्या पुढे हे विधान कुणी खोडून काढू शकत नाही.

साहित्य फार लागत नाही. टोपी, सुती पंचा, आणि पाणी. जेवढे वाटते त्याच्या दुप्पट. पायात बूट, कारण सराट्यांना चपलेचा तळ म्हणजे अडथळा वाटत नाही. एक छोटे भिंग, एक वही, एक पेन्सिल. पक्ष्यांसाठी हौसेने घेतलेली ती हातभर लेन्स घरी ठेवा. फुले उडून जात नाहीत. वेळ सकाळी सहा ते साडेनऊ. त्यानंतर माळावर जो दिसेल तो एक तर शेळ्या राखणारा असेल, नाहीतर ही मार्गदर्शिका न वाचलेला.

पहिला धडा: मारुतीच्या दारात

पहिल्या धड्याला रानात जायची गरज नाही. शनिवारी भद्रा मारुतीला जा. इथला मारुती उभा नाही, पहुडलेला आहे. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री शहरातून माणसांचे लोंढे पायी घाट चढून येतात. देवळाबाहेर रुईच्या माळा विकायला असतात. तुम्ही त्या आजवर घेतल्या असतील, देवाला वाहिल्या असतील आणि चिकट झालेले हात रुमालाला पुसले असतील. या खेपेला माळेतले एक फूल नीट बघा. नवशिक्याचे पहिले देशी रानफूल हेच, आणि ते दहा-वीस रुपयांत मिळते.

पाच जाड, मेणचट पाकळ्या, फिकट जांभळ्या किंवा पांढऱ्या, बाहेर वळलेल्या. मध्ये उठून उभा राहिलेला पाच बाजूंचा मुकुट. भिंग लावले की त्या मुकुटाच्या माथ्याशी बारीक उभ्या फटी दिसतात. खरी गंमत त्या फटींत आहे. रुईचे पराग पिठासारखे सुटे नसतात. दोन-दोन पिवळ्या पिशव्यांची जोडी करून ते एका सूक्ष्म चिमट्याला टांगलेले असतात. मोठा काळा भुंगा मधासाठी येतो, त्याचा पाय फटीत अडकतो, तो हिसका देऊन पाय सोडवतो आणि पिशव्यांची जोडी पायाला लटकून बाहेर येते. पुढच्या फुलावर ती दुसऱ्या फटीत बसली की रुईचे काम झाले. रस्त्याकडेच्या रुईपाशी थोडा वेळ उभे राहिलात तर असा भुंगा दिसतोच. पानावर काळे-पांढरे-पिवळे पट्टे ल्यालेली अळी दिसली तर ती बिबळ्या कडवा या फुलपाखराची. रुईचे विषारी पान खाऊन ती स्वतः कडू होते आणि पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. तुम्हीही चीक डोळ्यांजवळ नेऊ नका.

हे सारे माळवाल्याच्या टोपलीपाशी भिंग लावून बघताना मागची मंडळी बोलू लागतील. त्यांना पुढे जाऊ द्यावे. मारुती कुठे जात नाही.

दुसरा धडा: फुल्या मारणे

हा धडा कठीण आहे आणि बरेच विद्यार्थी इथेच शिकवणी सोडतात. गाडीतून येताना जे जे सुंदर दिसले ते सगळे वहीत लिहा. आता त्या प्रत्येकावर फुली मारा.

रस्त्यावर पेटलेला गुलमोहर: मादागास्करचा. साताऱ्यात १ मे रोजी गुलमोहर दिन साजरा होतो, सातारकरांचे मन मोडायचे नाही, पण झाड मादागास्करचेच. चैत्र लागण्याच्या सुमारास उतारांवर निष्पर्ण फांद्यांना लगडलेली गुलाबी फुले, जी पाहून मागच्या सीटवरच्या काकू "अगदी जपान हो!" म्हणतात, ते गिरिपुष्प, वनीकरणात लावलेले, मूळ मध्य अमेरिकेचे. काकूंनी निदान खंड तरी चुकवायला नको होता. नीलमोहर दक्षिण अमेरिकेचा. बोगनवेलही तिकडचीच. देवळाच्या ओट्यापाशी आणि दर्ग्याच्या अंगणात सारख्याच भक्तिभावाने फुले गाळणारा चाफा मेक्सिकोच्या बाजूचा. दसऱ्याचा झेंडूसुद्धा तिकडचाच, पण तो हंगाम आपला नाही. एवढ्यात त्या दुःखात शिरू नये.

मग बारकी मंडळी. कडेला काटेरी पानांचा, पिवळ्या फुलांचा धोत्रा: मेक्सिको. याचे बी मोहरीत मिसळले की तेल विषारी होते. १९९८ साली दिल्लीत त्या तेलाने माणसे दगावली. एकाच गुच्छात पिवळी आणि गुलाबी फुले मिरवणारी घाणेरी इंग्रजांच्या काळात बागेची शोभा म्हणून अमेरिकेतून आली आणि बाग सोडून डोंगरभर झाली. पांढऱ्या बारीक फुलांचे गाजर गवत १९५५ च्या सुमारास पुण्यात लोकांच्या नजरेत आले, आता ते कुठे नाही ते सांगावे लागते. त्याला खाण्यासाठी मेक्सिकोहून भुंगे आणून सोडावे लागले. आणि गुडघा फुटला की आजी चुरगळून लावायची तो दगडी पाला, ज्याच्या उंच दांडीवर एकच इवलेसे पिवळे-पांढरे फूल डोलते? तोही अमेरिकेचा. आजीला सांगू नका.

शेवटचा घाव खास खुलताबादकरांसाठी. रस्त्याकडेला टोपल्या मांडून विकतात ते पेरू आणि दौलताबाद-खुलताबादच्या डोंगरांतली सीताफळे, दोन्ही अमेरिकेची. सीताफळाला उन्हाळ्यात फुले येतात. हिरवट, तीन जाड पाकळ्यांची, मान खाली घातलेली. पानांच्या आड ती इतकी बेमालूम असतात की सीताफळाच्या बागवानाच्या घरात वाढलेल्यांनाही ती दाखवावी लागतात. पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमने भारहूतच्या प्राचीन शिल्पांत सीताफळ ओळखल्याचा दावा केला होता. तेवढ्या आधारावर तुम्हाला वाद घालायचा असेल तर घाला, चहाचे पैसे मात्र तुम्ही द्यायचे.

इथे काही विद्यार्थ्यांना देशभक्तीचा झटका येतो आणि ते परदेशी झाडे तोडायची भाषा करू लागतात. हा झटका सीताफळाच्या हंगामापर्यंत टिकत नाही, त्यामुळे औषधाची गरज नाही. आमचे मत विचाराल तर सगळ्यांना एका माळेत ओवू नये. गुलमोहर लावला तिथे उभा राहतो, सावली देतो, फार कुणाच्या अध्यात-मध्यात नाही. घाणेरी मात्र जिथे माजते तिथे खाली गवत धरू देत नाही, रोपटे वर येऊ देत नाही. तिचा राग करायला आमची परवानगी आहे.

तिसरा धडा: उरलेल्या वहीत काय लिहावे

फुल्या मारून झाल्या की वही जवळजवळ कोरी होते. आता अभ्यासाला सुरुवात.

पळस, पांगारा, काटेसावर यांच्यासाठी तुम्ही उशिरा आला आहात. ती फेब्रुवारी-मार्चची कामे. होळीच्या आसपास यायला हवे होते. मे महिन्यात पळसाखाली गेलात तर शेंगा मिळतील. त्या उचलून बघा: चपटी, लवदार, पानासारखी शेंग आणि टोकाला एकच बी. बाकीची शेंग बियाला वाऱ्यावर नेण्यापुरती. आता लक्षात येईल की ही झाडे ऐन दुष्काळी दिवसांत, अंगावर पान नसताना का फुलतात. पाने नसली की मैना, साळुंक्या, शिंजीर यांना फूल लांबून दिसते आणि सरळ गाठता येते. मार्चमध्ये फुलले की मे-जूनपर्यंत बी तयार, आणि बी जमिनीला लागते तेव्हा मृगाचा पाऊस दारात. उन्हाळ्यातल्या देशी फुलांचे वेळापत्रक बहुधा जूनकडे डोळे लावून आखलेले असते.

बहावा अजून सापडेल. पिवळे घोस लोंबतात, ओळखण्यात काही कौशल्य नाही, म्हणून गुण कमी. बहावा फुलल्यापासून पंचेचाळीस दिवसांनी पाऊस येतो असे कुणीतरी सांगेलच. मान डोलवावी. बहावा एप्रिलपासून जूनपर्यंत झाडागणिक वेगवेगळ्या दिवशी फुलतो, त्यामुळे कुठले ना कुठले झाड दरवर्षी बरोबर ठरते.

पुरे गुण मिळवायचे तर कुड्याकडे वळा. दोन आहेत, पांढरा कुडा आणि काळा कुडा. दोन्हींची फुले पांढरीच, दोन्हींना सुवास, दोन्हींची डहाळी मोडली की दूध. नवशिक्या इथे घाम पुसतो. फुलाच्या मध्यभागी बघा: बारीक कातरलेली झालर दिसली तर काळा कुडा, नाही दिसली तर पांढरा. झाडावर शेंगा असतील तर आणखी सोपे. दोघांच्याही शेंगा जोडीने लोंबतात, पण काळ्या कुड्याची जोडी टोकाशी एकमेकींना चिकटलेली असते, पांढऱ्याची टोके मोकळी. पांढऱ्या कुड्याचे बी म्हणजे इंद्रजव, आणि त्याच्या सालीचे कुटजारिष्ट तुम्ही पोट बिघडल्यावर तोंड वाकडे करून प्यायला असाल. अरिष्टांवरून आठवले, मार्चपर्यंत उतारावर लालभडक दिसणारी झुडपे धायटीची. आसव-अरिष्टे आंबवायला वैद्य त्यात धायटीची वाळलेली फुले घालतात. बाटलीवर धातकी असे लिहिलेले असते.

तरवडाची पिवळी फुले, नेपतीच्या बिनपानी झुडपावरची विटकरी-लाल फुले, करवंदीची पांढरी चांदणी, ही सगळी बांधाने चालताना जाता-जाता लिहून टाका. भुईरिंगणीसाठी मात्र वाका. जमिनीसरपट, पानावर-देठावर सगळीकडे पिवळे काटे, आणि मधोमध अतिशय नाजूक जांभळे फूल. बसून बघायचे असेल तर आधी बसायची जागा तपासावी.

चौथा धडा: स्थानिक तज्ज्ञांशी बोलणे

शूलिभंजनच्या पायथ्याला बांधावर हिरव्या काटेरी वेलीचे जाळे दिसले की थांबा. ही वाघाटी. काटे मागे वळलेले असतात. हात आत जाताना काही कळत नाही, बाहेर काढताना बाही तिथे ठेवावी लागते. एप्रिलमध्ये तिची अखेरची फुले सापडतात. चार पाकळ्या, पांढऱ्या. आतल्या अंगाला एक डाग, आधी पिवळसर आणि मग गडद तांबडा होत जाणारा. आणि पाकळ्यांच्या कितीतरी बाहेर आलेले केसरांचे झुबके. फूल सकाळी पांढरे असते, ऊन चढेल तसे गुलाबी होते आणि शिळे झाले की जांभळट. त्यामुळे एकाच वेलीवर तीन रंग दिसतात आणि नवशिक्या तीन जातींची नोंद करतो.

तुम्ही असे वाकून बघत असताना शेळ्यांमागे एखादी मावशी हमखास येते. पुढील संवाद पाठ करून ठेवावा.

"काय हुडकू राहिले भाऊ?"

"फुलं, मावशी."

"पूजेला का?"

"नाही, नुसती बघायला."

इथे थोडी शांतता पडते. मावशी तुमच्या टोपीकडे, भिंगाकडे आणि गुडघ्याला लागलेल्या मातीकडे बघतात. शहरात माणसांना काम नसते ही त्यांची जुनी शंका या क्षणी फिटते.

"ती वाघाटी हाय. फुलाचं काय घेऊन बसले. आखाडात या, फळ येतं. बारशीला लागतं."

वहीत हे शब्दशः लिहून घ्या. आषाढी एकादशीचा उपवास द्वादशीला सोडताना वाघाट्याची भाजी ताटात हवी, ही रीत मराठवाड्यातच नव्हे, घाटावरही आहे. तुमच्या मोबाईलमधले ॲप फोटोवरून लॅटिन नाव देईल. कधीकधी ते दुसऱ्याच खंडातल्या झाडाचे असेल. मावशी मात्र ही वेल कधी फुलते, शेळी तिला तोंड लावते का, कुठल्या बांधावर जुनी आहे आणि कुणी कुठली तोडली, हे सगळे सांगतात. फक्त एक पथ्य. "हिचं शास्त्रीय नाव काय?" असे त्यांना विचारू नये, आणि आपल्याला ठाऊक असले तर सांगू नये.

पाचवा धडा: काहीच नसलेल्या जागी बघणे

म्हैसमाळच्या वाटेला मुरमाड उतार लागतात. तिथे खरोखरच काही नसते. दगड, जळके गवत, शेळीच्या लेंड्या. प्रगत विद्यार्थ्यांनी इथे मे महिन्यात रानकांदा शोधावा. जमिनीतून सरळ एक दांडा वर आलेला असतो, हात-दीड हात उंच, शेजारी एकही पान नाही. कुणीतरी काडी खोचून गेले असेल असे समजून लोक पुढे जातात. जवळ गेलात तर दांड्यावर लांब-लांब देठांची, मळकट तपकिरी-हिरवट घंटेसारखी फुले टांगलेली दिसतील. रूप म्हणाल तर बेताचेच. पण गेल्या पावसाळ्यापासून जमिनीखाली मुठीएवढ्या कांद्यात साठवलेल्या पाण्यावर हे फूल उमलले आहे, आणि पाने पाऊस आल्यावर येणार आहेत. कांदा उकरून बघू नका. तो विषारी आहे, शिवाय तुमचा नाही.

नावे पक्की करायची हौस असेल तर पुस्तकांची थोडी अडचण आहे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला; अभ्यासक अजून तो उघडतात. पण खुलताबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होते. इलाख्याची हद्द संपली की कुकसाहेबांची फुलेही संपत. मराठवाड्याच्या वाट्याला स्वतःचा ग्रंथ यायला १९९८ साल उजाडले: प्रा. व्ही. एन. नाईक यांचे दोन खंड. ते इंग्रजीत आहेत आणि पिशवीत मावत नाहीत. रानात पेन्सिलीने चित्र काढायचे, घरी येऊन खंड उघडायचे. निम्म्या वेळा चित्रावरून आपल्यालाच काही कळत नाही. म्हणून शेंग, पान आणि काटा यांच्या दोन ओळी शेजारी लिहाव्यात.

साडेनऊला गावात परत या. मलिक अंबरच्या मकबऱ्याच्या सावलीत बसून डबा उघडायला हरकत नाही. तो १६२६ साली गेला, त्याला घाई नाही. मात्र डब्याची प्लास्टिकची पिशवी परत न्यायची, नाहीतर पुढच्या विद्यार्थ्याच्या वहीत तिचीच पहिली नोंद होईल.

आता एकच सूचना उरली, आणि ती थट्टेची नाही. फाल्गुन-चैत्रात बांध पेटवून द्यायची पद्धत या भागात अजून आहे. उंदीर जातात, काटे जातात, बांध स्वच्छ दिसतो. त्यासोबत वाघाटी जळते, करवंद जळते, तरवड जळतो, आणि मोकळ्या जागेत पहिल्या पावसाला गाजर गवत उगवते. रस्ते रुंद होताना कडेची जाळी आधीच गेली आहे. जुन्या वेली आता राहिल्या त्या शेतांच्या बांधांवर. आषाढी जवळ आली की आठवडी बाजारात वाघाटी येतात, त्यांचा भाव एकदा विचारून बघा, म्हणजे किती उरल्या याचा अंदाज येईल. बांध तुमचा असेल तर येत्या चैत्रात काडी लावू नका. तुमचा नसेल तर ज्याचा आहे त्याला जाऊन तेवढे सांगा.